६४ बाईटचा सातबारा

परवा शनिवारी नवीन लॅपटॉपवर लिनक्स टाकायला बसलो होतो. बायको लेकाला घेऊन माहेरी, बाहेर पाऊस, शेजारी चहाचा थर्मास... म्हणजे योग अगदी जुळून आलेला. पेनड्राईव्हवरून इन्स्टॉलर सुरू झाला. त्याने भाषा विचारली, कीबोर्ड विचारला, वाय-फायचा पासवर्ड घेतला आणि मग तो प्रश्न विचारला. डिस्कचं काय करू? सगळी पुसून टाकू, की विंडोजच्या शेजारी जागा करून घेऊ, की पार्टिशन तुम्ही स्वतः करताय?

वीस वर्षं ह्याच धंद्यात काढली आहेत, पण ह्या स्क्रीनवर आलो की माझा हात आपोआप माऊसवरून उचलला जातो. उठून एक फेरी मारतो, बॅकअप खरंच घेतलाय ना हे तिसऱ्यांदा बघतो आणि मग परत बसतो. ह्याला कारण आहे २००३ सालचं एक प्रकरण. ते आधी सांगतो आणि मग त्यामागचा इतिहास. (तांत्रिक गोष्टींचा कंटाळा असणाऱ्यांनी घाबरू नये. ज्याला जमिनीची वाटणी कळते त्याला हार्डडिस्कचं पार्टिशनही कळतं, आणि वाटणी आपल्याकडे कोणाला कळत नाही?)

*

तेव्हा आम्ही सांगलीला राहायचो. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. घरात एक असेंबल्ड पीसी, ४० जीबीची हार्डडिस्क, विंडोज ९८. मशीन जोडून देणाऱ्याने त्या काळच्या रिवाजाप्रमाणे डिस्कचे तीन भाग करून दिले होते: सी, डी आणि ई. "सी मध्ये विंडोज. तुमचं महत्त्वाचं सगळं डी मध्ये ठेवा. विंडोज उडालं तरी डी ला काही होत नाही," हे त्याचं ब्रह्मवाक्य. तुमच्यापैकी अनेकांनी ते कुठे ना कुठे ऐकलं असेलच.

डी मध्ये बाबांचा एक फोल्डर होता. नाव 'आजी'.

आजी शेवटची दोन वर्षं आमच्याकडे होती. दुपारी ती कॉम्प्युटरशेजारच्या खुर्चीत बसून जुन्या गोष्टी सांगायची आणि बाबा दोन बोटांनी, शिवाजी फाँटमध्ये, त्या थेट टाईप करायचे. तिचं माहेर, विहिरीवरून झालेलं भावकीतलं भांडण, बेचाळीस साली माळ्यावर लपवलेली माणसं, पहाटे जात्यावर कोण कोण बसायचं ते. वही अशी नव्हतीच. २००२ च्या दिवाळीनंतर आजी गेली. त्या फाईल तेवढ्या राहिल्या. सगळ्या मिळून दोन एमबीसुद्धा नसतील.

आणि मी काय केलं? मित्राकडून लिनक्सच्या तीन सीडी आणल्या. विचार साधा होता: ई रिकामाच पडलाय, तो उडवायचा आणि तिथे लिनक्स टाकायचं. एफडिस्क उघडलं. समोर यादी आली: १, २, ५ आणि ६. मधले ३ आणि ४ कुठे गेले कोण जाणे. २ च्या समोर लिहिलं होतं 'एक्स्टेंडेड'. मी म्हटलं, एक्स्टेंडेड म्हणजे जादाचा, म्हणजे हाच आपला ई. २ नंबर डिलीट केला आणि 'डब्ल्यू' दाबलं. डब्ल्यू म्हणजे राईट, म्हणजे जे केलंय ते आता डिस्कवर लिही. परत यादी काढून बघितली तर फक्त १ शिल्लक.

मशीन रीस्टार्ट केलं. विंडोज व्यवस्थित आलं. माय कॉम्प्युटरमध्ये डी दिसला आणि जीव भांड्यात पडला. त्यावर क्लिक केलं तर सीडी ड्राईव्ह घरघरायला लागला. डी हे अक्षर आता सीडी ड्राईव्हला मिळालं होतं.

रात्री जेवताना बाबा म्हणाले, "उद्या रविवार आहे, आजीचं ते विहिरीचं प्रकरण जरा नीट लावून घेतो."

"बाबा, मशीन फार गरम होतंय. उद्या नको," असं काहीतरी पुटपुटून मी मान खाली घालून भात कालवत बसलो.

पुढे काय झालं ते शेवटी सांगतो, कारण ते समजायला आधी १९८३ सालात जावं लागेल.

*

आयबीएमने आपला पहिला पीसी १२ ऑगस्ट १९८१ ला जाहीर केला. त्यात हार्डडिस्क नव्हतीच. फ्लॉपी होती, आणि कॅसेट रेकॉर्डर जोडायची सोय होती. (हो, गाण्यांची कॅसेट असायची तीच.) फ्लॉपीच्या जगात वाटणीचा प्रश्न येत नाही. वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम हवी? फ्लॉपी बदला.

आणि ऑपरेटिंग सिस्टिम तेव्हा एकच नव्हती, बरं का. आयबीएमने पीसीसाठी तीन जाहीर केल्या होत्या: मायक्रोसॉफ्टकडून घेतलेली पीसी-डॉस, गॅरी किल्डॉलच्या डिजिटल रिसर्च कंपनीची सीपी/एम-८६, आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत जन्मलेली यूसीएसडी पी-सिस्टिम. डॉस ४० डॉलरला आणि सीपी/एम-८६ तब्बल २४० डॉलरला मिळत असल्यामुळे गिऱ्हाईक कुठे वळलं हे सांगायला नको. तरी यंत्र बनवणाऱ्याला तिघांचीही सोय बघणं भाग होतं.

मग ८ मार्च १९८३ ला पीसी एक्सटी आला, आणि त्याच्या पोटात होती १० एमबीची हार्डडिस्क. ३०६ सिलिंडर, ४ हेड, प्रत्येक ट्रॅकवर १७ सेक्टर. गुणाकार केला तर २०,८०८ सेक्टर, प्रत्येक ५१२ बाईटचा. आजच्या मोबाईलचे दोन-तीन फोटो टाकले की भरली! पण तेव्हाच्या फ्लॉपीच्या मानाने ही मोठी वाडीच होती. अडचण एकच: फ्लॉपी काढून दुसरी घालता येते, ही डिस्क पेटीत स्क्रूने घट्ट बसवलेली. म्हणजे तीन वेगवेगळ्या भाडेकरूंना एकाच वाड्यात राहायचं होतं आणि एकाला दुसऱ्याच्या घरातलं काही कळत नव्हतं. प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमची फाईल ठेवायची पद्धत वेगळी. डॉसला सीपी/एमचा भाग म्हणजे नुसता कचरा दिसणार, आणि कचरा दिसला की त्यावर लिहिलं जाणार.

ह्यावरचा तोडगा एक्सटीबरोबर आलेल्या डॉस २.० मध्ये होता, आणि तो राबवणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव एफडिस्क. हो, तेच नाव जे वीस वर्षांनी माझ्यासमोर उभं राहिलं.

*

तोडगा असा. डिस्कचा सगळ्यात पहिला सेक्टर कोणाच्याच मालकीचा नाही. त्याच्या ५१२ बाईटपैकी पहिले ४४६ बाईट मशीन सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमसाठी. शेवटचे २ बाईट म्हणजे शिक्का: ५५ आणि एए. तो नसेल तर हा सेक्टर बूट करण्याजोगा धरला जात नाही. आणि मध्ये उरतात ६४ बाईट, म्हणजे १६ बाईटची एक अशा चार ओळी. एका ओळीत एक पार्टिशन. ह्या अख्ख्या सेक्टरला पुढे मास्टर बूट रेकॉर्ड उर्फ एमबीआर म्हणायला लागले.

एका ओळीत काय असतं? मशीन ह्या भागापासून सुरू करायचं की नाही, ह्याचा १ बाईट. भाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे सिलिंडर-हेड-सेक्टरच्या भाषेत, ३ अधिक ३ बाईट. तेच पुन्हा साध्या आकड्यांत, सुरुवातीचा सेक्टर ४ बाईट आणि एकूण सेक्टर ४ बाईट. आणि राहिलेला १ बाईट 'प्रकार' सांगणारा. इथे कोण राहतो ते.

गावाकडे जमीन असेल तर तुम्हाला एव्हाना हे ओळखीचं वाटायला लागलं असेल. हा सातबारा आहे! क्षेत्र, हद्द आणि भोगवटादाराचं नाव. मातीत काय पेरलंय, विहिरीला पाणी किती, ह्याच्याशी त्या ओळीला देणंघेणं नाही. तिचं काम एवढंच सांगायचं की इथून इथपर्यंत अमक्याचं, बाकीच्यांनी पाय टाकू नये.

आणि मला विचाराल तर त्या ६४ बाईटमधला सगळ्यात मोलाचा बाईट हा प्रकार सांगणाराच. डॉस सुरू झालं की चारही ओळी वाचायचं आणि जिथे आपला आकडा नाही तिकडे ढुंकून बघायचं नाही. सीपी/एमनेही तेच करायचं. डिस्कमध्ये काही खरोखरची भिंत नसते. डिस्कच्या चकतीला ह्यातलं काहीच माहीत नसतं. तिला सेक्टर नंबर सांगा, ती लिहिणार. सगळी भिस्त असते ती लिहिणाऱ्याने आधी तो कागद वाचला आहे आणि तो मानतो आहे ह्यावर. धंद्यात एकमेकांच्या उरावर बसलेल्या कंपन्यांच्या प्रोग्रॅमांनी एका डिस्कवर सुखाने राहावं म्हणून केलेला हा करार आहे, आणि तो ६४ बाईटमध्ये मावतो.

*

आता गंमत बघा. ज्या भाडेकरूंसाठी ही चार दारं ठेवली ते पीसीवर फारसे राहायला आलेच नाहीत. पी-सिस्टिम विरून गेली, सीपी/एम मागे पडलं आणि वाड्यात उरलं एकटं डॉस. पण डॉसलाच जागा पुरेना.

कारण डॉस एका भागातले सेक्टर १६ बिटांच्या आकड्याने मोजायचं. १६ बिटांत फार तर ६५,५३५ पर्यंत मोजता येतं. गुणिले ५१२, झाले ३२ एमबी. त्याहून मोठा भाग डॉसला कळतच नसे. आणि नियम असा की एका डिस्कवर डॉसचा एकच भाग. म्हणजे ४० एमबीची डिस्क घेतली तर ८ एमबी वाऱ्यावर.

१९८७ साली डॉस ३.३ मध्ये ह्यावर जो उपाय निघाला तो अगदी आपल्या तलाठ्याला सुचावा असा. कागदावर ओळी चारच, त्या वाढवायच्या तर सगळ्यांचे प्रोग्रॅम मोडणार. मग एका ओळीत लिहायचं 'एक्स्टेंडेड', म्हणजे हा अख्खा गट. आणि त्या गटाचे पोटहिस्से कुठे नोंदवायचे? तर त्या त्या जमिनीवरच! प्रत्येक पोटहिश्शाच्या आधी एक सेक्टर, त्यात तसाच छोटा तक्ता, त्यातली एक ओळ स्वतःच्या हिश्शाची आणि दुसरी ओळ पुढचा हिस्सा कुठे आहे ते सांगणारी. साखळीच. पहिल्या कडीला धरून शेवटपर्यंत चालत जायचं.

लिनक्सने नंबर देताना १ ते ४ मुख्य कागदावरच्या ओळींसाठी राखून ठेवले आणि पोटहिस्से ५ पासून मोजले. २००३ साली मला पडलेल्या कोड्याचं उत्तर इतकं सोपं होतं. १ म्हणजे सी. २ म्हणजे गट. ५ म्हणजे डी आणि ६ म्हणजे ई, दोघंही २ च्या पोटात. मला पोटहिस्सा काढायचा होता, मी गटच काढला.

सी-डी-ई ची आपली सवय इथूनच आली. ३२ एमबीची अट डॉस ४ ने १९८८ मध्ये काढली, पण मग दुसरी अडचण. फॅट-१६ पद्धतीत २ जीबीच्या भागावर जागा ३२ केबीच्या ढेकळांनी दिली जायची. १ केबीचं पत्र लिहा, जागा जाणार ३२ केबी. म्हणून लोक छोटे भाग करायचे. १९९६ साली विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर फॅट-३२ आलं आणि हेही कारण संपलं. तरी २००१ साली आमच्या मशीनवाल्याने तीन तुकडे करूनच दिले. ते मात्र वाया गेले असं म्हणवत नाही. विंडोज परत टाकायचं म्हणजे सी फॉरमॅट करायचं, हे वर्षातून दोनदा होणाऱ्या त्या काळात डी मुळे खूप जणांचं खूप काही वाचलं आहे.

*

करार न वाचता लिहिलं तर काय होतं, ह्याचा सगळ्यात गाजलेला किस्सा लिनस टोरवाल्ड्सचा. त्याने तो 'जस्ट फॉर फन' ह्या आपल्या पुस्तकात स्वतःच सांगितला आहे. १९९१ साली हेलसिंकीत त्याच्या ३८६ मशीनवर मिनिक्स होतं आणि शेजारी त्याची स्वतःची अर्धवट सिस्टिम आकार घेत होती. एकदा मोडेमवरून विद्यापीठाला फोन लावायला म्हणून त्याने कमांड दिली आणि मोडेमऐवजी नाव दिलं गेलं हार्डडिस्कच्या भागाचं. फोन लावण्याच्या सूचना जाऊन पडल्या थेट मिनिक्सच्या पार्टिशनवर. मिनिक्स उडालं. आता मिनिक्स परत टाकायचं की आपली सिस्टिम स्वतःच्या पायावर उभी करायची, असे दोन रस्ते होते. त्याने दुसरा धरला. मी ज्या लिनक्ससाठी आजी उडवली, त्या लिनक्सच्या बारशातही एक पार्टिशन बळी गेलेलं आहे. हे मला फार नंतर कळलं, पण कळल्यावर थोडं बरं वाटलं. :-)

लिनक्सला ह्या वाड्यात जागा करून घेताना जुन्या कागदाचे सगळे कोपरे लागले. सिलिंडर-हेड-सेक्टर लिहायला ३ बाईट होते ना, त्यात सिलिंडरला १० बिट, म्हणजे १०२४ पर्यंतच मोजदाद. डिस्क मोठ्या झाल्या तरी मशीन सुरू होताना जुनं बायोस १०२४ सिलिंडरच्या पलीकडे बघू शकत नसे, आणि ती हद्द साधारण ८.४ जीबीवर संपायची. लिनक्सचा गाभा त्यापुढे पडला तर मशीन सुरूच होत नसे. म्हणून डिस्कच्या सुरुवातीला '/बूट' नावाचा छोटासा भाग वेगळा काढायची चाल पडली. २००० च्या आसपास ती मर्यादा गेली, पण पुढे कित्येक वर्षं तो भाग लोक भक्तिभावाने काढत राहिले. का काढतोस विचारलं तर, "सगळे काढतात."

प्रकार सांगणाऱ्या त्या बाईटचीही तीच कथा. एका बाईटमध्ये २५६ आकडे, आणि ते वाटून द्यायला कोणी तलाठी नेमलेलाच नव्हता. ज्याला जो आवडला तो त्याने घेतला. लिनक्सने स्वॅपसाठी ८२ घेतला, आणि इंटेल मशीनवरच्या सोलारिसचाही आकडा ८२! दोन्ही एका डिस्कवर आले की कोण कोणाचं, हे बघणाऱ्याने स्वतःच ठरवायचं.

आणि कागदावर ज्या जमिनीचा उल्लेखच नाही तिचं काय होतं? पहिला भाग ट्रॅकच्या हद्दीवरून सुरू करायचा असा प्रघात असल्यामुळे तो साधारणपणे ६३ क्रमांकाच्या सेक्टरपासून सुरू व्हायचा. शून्यावर एमबीआर. मधले ६२ सेक्टर कोणाच्याच नावावर नाहीत. बेवारस जागा दिसली की काय होतं ते आपण शहरात रोज बघतो. १९८७ च्या सुमारास न्यूझीलंडमधून निघालेला 'स्टोन्ड' व्हायरस स्वतः एमबीआरमध्ये बसायचा आणि मूळ एमबीआर ह्या मोकळ्या पट्टीत नेऊन ठेवायचा. पुढे लिनक्सच्या 'ग्रब' बूटलोडरने आपला मोठा भाग तिथेच ठेवला. काही विंडोज प्रोग्रॅम लायसन्सच्या खुणा तिथेच लपवायचे. एकाने दुसऱ्यावर लिहिलं की मशीन सुरू होणं बंद, आणि तक्रार करायची तर कोणत्या तोंडाने? जागा कोणाचीच नव्हती.

*

आता परत सांगलीला.

त्या शनिवारी रात्री मी आमच्या गल्लीतल्या एका दादाला फोन केला. तो पुण्यात नोकरीला होता, नेमका सुट्टीवर आलेला. सगळं ऐकून घेतलं आणि त्याने एकच प्रश्न विचारला, "डब्ल्यू नंतर तू काय काय केलंस?"

"काही नाही. विंडोज चालू करून बघितलं फक्त."

"नवीन पार्टिशन केलंस? फॉरमॅट?"

"नाही."

"मग मशीन बंद कर आणि झोप. सकाळी येतो."

झोप कसली. सकाळी तो आला तेव्हा बाबा मंडईत गेले होते. त्याने सोबत सीडीवरूनच चालणारं लिनक्स आणलं होतं, आणि एक फ्लॉपी. फ्लॉपीवर टेस्टडिस्क नावाचा प्रोग्रॅम होता, क्रिस्तॉफ ग्रेनिए ह्या फ्रेंच माणसाने लिहून फुकट वाटलेला. दादाने एका कागदावर चार ओळी काढल्या आणि मला समजावलं. तू जे खोडलंस ते एवढंच, म्हणून दुसऱ्या ओळीवर काट मारली. सोळा बाईट. पोटहिश्शांचे कागद त्या त्या जागी तसेच आहेत. आजीच्या फाईल तशाच आहेत. फक्त तिकडे जायचा पत्ता पुसलाय. तू फॉरमॅट मारलं असतंस, लिनक्स टाकलं असतंस, तर त्या मातीवर नांगर फिरला असता. मग मला बोलावून उपयोग नव्हता.

टेस्टडिस्क डिस्कवर सिलिंडरमागून सिलिंडर चालत निघाला. प्रत्येक ठिकाणी थांबून बघायचं, इथे एखाद्या भागाची सुरुवात असावी अशी खूण आहे का. ज्याला कागद हरवल्यावर शिवारात उतरून हद्दीचे दगड शोधणं म्हणतात, अगदी तेच. पाऊण तास लागला असेल. मध्येच बाबा पिशव्या घेऊन आले, दादाला बघून म्हणाले, "अरे वा, कधी आलास? चहा टाकायला सांगतो." आम्ही दोघंही त्यांच्याकडे न बघता "हो हो" म्हणालो.

मग पडद्यावर दोन ओळी उमटल्या. पहिला भाग, दुसरा भाग. दादाने पहिल्यावर जाऊन आतल्या फोल्डरची यादी काढली, त्यात 'आजी' होती. त्याने सोळा बाईट परत लिहिले आणि मशीन रीस्टार्ट केलं. डी परत डी झाला.

त्याच दुपारी बाबा विहिरीचं प्रकरण लावायला बसले. मी त्यांना खरं सांगितलं ते पुढे आठ-दहा वर्षांनी, त्या सगळ्या फाईल युनिकोडमध्ये आणून छापून त्यांच्या हातात दिल्या तेव्हा. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "तरीच. मशीन गरम कसलं होतंय, बंदच तर होतं."

*

त्या कागदाचं शेवटी काय झालं, तेही सांगतो.

साध्या आकड्यांसाठी जे ४ बाईट ठेवले होते त्यात ३२ बिट मावतात. ३२ बिटांनी ५१२ बाईटचे सेक्टर मोजले की हद्द येते २ टीबीवर. १९८३ च्या १० एमबीच्या डिस्कपेक्षा ही हद्द दोन लाख पटीहून मोठी! एवढी दूरदृष्टी, पण तरीही २७ वर्षांत ती संपली. २०१० साली ३ टीबीच्या डिस्क बाजारात आल्या आणि जुन्या सातबाऱ्यावर त्यांचं क्षेत्र लिहायला रकाना पुरेना.

नवा कागद तयार होताच. १९९० च्या दशकाच्या शेवटी इंटेल आपल्या इटॅनियम मशीनसाठी बायोसच्या जागी नवीन व्यवस्था रचत होतं, त्यातून जीपीटी नावाची पार्टिशनची पद्धत आली. चारच्या जागी साधारणपणे १२८ ओळी, प्रत्येक १२८ बाईटची. आकडे ६४ बिटांचे. कागद खराब झालाय का हे कळावं म्हणून बेरजेचा ताळा. आणि मला सगळ्यात भावलेली गोष्ट: पूर्ण तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी. म्हणजे तालुक्याला एक आणि जिल्ह्याला एक. २००३ साली हे असतं तर माझी ती रात्र वाचली असती की नाही माहीत नाही. डब्ल्यू दाबणारा मीच, त्याने दोन्ही प्रती नीट बदलल्या असत्या.

प्रकार सांगायला आता एका बाईटऐवजी सोळा बाईटचा आकडा आहे. इतका मोठा की प्रत्येकाने आपला आपण बनवावा, टक्कर होणार नाही. आणि तरीसुद्धा लिनक्सवाल्यांनी सुरुवातीची कित्येक वर्षं विंडोजच्याच डेटा पार्टिशनचा आकडा वापरला! त्यामुळे विंडोजला तो भाग आपलाच वाटायचा आणि तो फॉरमॅट करू का, असं ते विचारायचं. २०११ च्या सुमारास लिनक्सने वेगळा आकडा घेतला. जागा कितीही वाढवा, नाव नीट लिहायचा कंटाळा तो कंटाळाच.

एव्हाना वाटणीची गरजही कमी झाली आहे. ॲपलच्या मॅकवर २०१७ पासून एपीएफएस आलं. त्यात एका डब्यातले अनेक भाग सामाईक मोकळी जागा लागेल तशी वापरतात. फेडोरा लिनक्सही २०२० पासून डेस्कटॉपवर बीटीआरएफएस टाकतं, तिथेही तसंच. एकत्र कुटुंब परत आलं म्हणा ना.

तर परवाच्या शनिवारी मी फेरी मारून आलो, बॅकअप तपासला, पार्टिशन हाताने केली आणि मग डब्ल्यू दाबायच्या आधी सगळी यादी मोठ्याने वाचली. लिनक्स बसल्यावर उत्सुकता म्हणून डिस्कचा शून्य नंबरचा सेक्टर उघडून बघितला. २०२० नंतरची एसएसडी, आत फिरणारी चकती नाही, हेड नाही, सिलिंडर नाही. आणि तरी तो तिथे होताच. बहुतेक शून्यं, शेवटी ५५ आणि एए, आणि त्याच्या अलीकडे, त्या जुन्या ६४ बाईटमध्ये, भरलेली एकच ओळ. प्रकार: ईई.

ही ओळ मुद्दाम ठेवतात. नवीन पद्धत न कळणारा एखादा जुना प्रोग्रॅम चुकून आलाच, तर त्याला डिस्क रिकामी वाटू नये म्हणून त्याच्याच १९८३ च्या भाषेत लिहून ठेवलेलं असतं की बाबा रे, ही सगळी जागा दुसऱ्या कोणाची तरी आहे, इथे लिहू नकोस.

जीपीटीत पार्टिशनला ३६ अक्षरांपर्यंत नाव देता येतं, आणि ते युनिकोडमध्ये. माझ्या डेटाच्या भागाचं नाव मी देवनागरीत 'आजी' असं दिलंय. आता तिथे काही खोडायचं झालं तर आधी ते नाव वाचावं लागेल.

असो. ह्या शनिवार-रविवारी कोणी नवीन काही टाकायला बसणार असेल, तर आधी बॅकअप घ्या. आणि चुकून काही उडालंच, तर त्यावर काहीही लिहू नका. मशीन बंद करा आणि एखाद्या दादाला फोन करा.

चूभूदेघे.